माशी दाखवून मासा : आमच्या फ्लाय फिशिंग क्लबला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोकलमध्ये रॉडची लांब नळी घेऊन चढलं की शेजारचा माणूस विचारतोच, "काय आहे हो यात? दुर्बीण?" तिथून जो संवाद सुरू होतो तो बोरिवलीपर्यंत संपत नाही. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न वेगळेच. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे पुढे वाद घालण्यासारखे. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायचं टाळलंय. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. फ्लाय फिशिंग म्हणजे नक्की काय? आम्ही लहानपणी गावाला गरवायला जायचो, त्यापेक्षा वेगळं काय?

गरवताना शिसं किंवा आमिषाचं वजन दोरीला ओढून पुढे नेतं. इथे उलटं असतं. गळाला बांधलेली 'फ्लाय' म्हणजे थोडी पिसं, थोडे केस आणि दोरा. फुंकर मारली तर उडेल. ती लांब टाकायची तर वजन कुठून आणायचं? ते दोरीतच असतं. फ्लायची दोरी जाड, वरून लेप दिलेली आणि जड असते. ती हवेत मागे-पुढे झुलवत सोडायची, की टोकाची फ्लाय तिच्यामागून जाते. नाव 'माशी' असलं तरी फ्लाय दरवेळी माशीसारखी नसते. खाडीत आम्ही वापरतो ती बहुतेक कोळंबीसारखी किंवा बोटभर माशासारखी दिसते, मरळीसाठी चक्क बेडकासारखी. खरं आमिष नसल्यामुळे मासा ती सहसा पोटात घेत नाही, गळ ओठातच बसतो. हा मुद्दा पुढे नवव्या प्रश्नात कामाला येईल.

२. ट्राउट मुंबईत कुठे मिळतो?

मिळत नाही. ट्राउटला थंड पाणी लागतं, आणि तो मुळात आपल्या देशातलाही नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो काश्मीरच्या नद्यांत आणून सोडला. फिल्ममधली ती धुक्यातली नदी डोक्यातून काढा. आपल्याकडे वसई, मनोरी, गोराईच्या बाजूला खाडीत जिताडा, तांबोशी, टोळ, बोय आहेत. गोड्या पाण्यात मरळ आहे, नको तितकी चिलापी आहे, आणि सह्याद्रीच्या नद्यांत महाशीर. बोय फ्लायला लागली तर त्या दिवशी चहा तुमच्याकडून. ती शेवाळ खाणारी, तिला माशीचं काय कौतुक!

३. सुरुवातीला कोणता रॉड घेऊ?

पहिले दोन महिने कोणताच घेऊ नका, क्लबचा वापरा. नंतर गोड्या पाण्यासाठी पाच किंवा सहा नंबर, खाडीसाठी आठ किंवा नऊ (नंबर जितका मोठा तितकी दोरी जड). रॉडपेक्षा दोरी नीट बघून घ्या. थंड देशांसाठी बनवलेली दोरी मुंबईच्या उन्हात मऊ पडते, चिकटते आणि उकडलेल्या शेवयांसारखी पायात गोळा होते. उष्ण हवामानासाठी वेगळी दोरी मिळते, ती घ्या. खाडीवरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा. न धुता कपाटात ठेवलेलं रीळ पुढच्या रविवारी फिरत नाही, हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय.

४. क्लब नेमकं काय शिकवतो? सर्टिफिकेट मिळतं का?

सर्टिफिकेट मिळत नाही. नव्या माणसाचे पहिले चार रविवार जातात मैदानावर, पाण्याजवळसुद्धा नाही. दादरच्या एका मैदानात सकाळी साडेसहाला, क्रिकेटवाले यायच्या आत, गवतावर दोरी टाकायला शिकवतो. फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधलेला असतो, गळ नसतो. कारण मागे कोण उभं आहे ते नवशिक्याला कधीच दिसत नाही. मनगट न मोडता रॉड थांबवायचा कुठे, मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत दम कसा धरायचा, एवढंच चार रविवार. ज्यांना घाई असते त्यांची दोरी चाबकासारखी वाजते. तो आवाज आला की समजायचं, फ्लाय तुटून गेली.

पाचव्या रविवारी ओढ्यावर नेतो, आणि तिथेही लगेच रॉड हातात देत नाही. आधी पाण्यातला दगड उलटून त्याच्या खालची बाजू बघायची. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक किडा) यांची पिल्लं उडायला लागण्याआधी बराच काळ पाण्यात काढतात. वाळूच्या कणांची नळी करून तिच्यात राहणाऱ्या अळ्या असतात, मेफ्लाय नावाच्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं असतात. ही मंडळी दगडाखाली सापडली तर पाणी बरं आहे. नुसत्या लाल अळ्या आणि गाळ असेल तर वर कुठेतरी सांडपाणी सोडलेलं आहे. फ्लाय बांधणाऱ्याला हे कळावंच लागतं, कारण मासा काय खातो ते माहीत नसेल तर नक्कल कशाची करणार? मला विचाराल तर या खेळाचं सगळ्यात मोठं शिक्षण दगड उलटण्यातच आहे. दहा वर्षांच्या मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

त्यानंतर गाठी, फ्लाय बांधणं, मासा हाताळणं, आणि भरती-ओहोटी.

५. भरती-ओहोटीचं गणित कसं जमवता?

जुनी कोळी पद्धत अजून चालते : तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हे ढोबळ आहे. निघण्याआधी छापील किंवा ॲपमधलं वेळापत्रक बघायचंच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि झपाट्याने चढतं. मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती म्हणजे सगळ्यांनीच सावध राहायचे दिवस. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीला, पाणी संथ असतं, नव्यांना आम्ही तेव्हाच नेतो. वांद्रे-वरळीच्या खडकांवर शेवाळ असतं, तिथे पावसाळ्यात क्लबची कुणीही व्यक्ती उतरत नाही. पोहता येतं का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. खडकावर आपटणाऱ्या लाटेत पोहता येत नाही.

६. परवाना लागतो का?

पाणी कुणाचं यावर अवलंबून. राज्यातली बहुतेक धरणं आणि तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या पाण्यातले मासे संस्थेने बीज टाकून वाढवलेले असतात, त्यामुळे "आम्ही तर सोडूनच देणार" हे कारण पुरत नाही. गावात जाऊन अध्यक्षांना भेटा, विचारा, मागतील ती फी द्या. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात गळ टाकायचा नाही. म्हणजे विहार आणि तुळशी तलाव विसरा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, शिवाय पिण्याच्या पाण्याचे आहेत. पवईचं वेगळं, ते पुढच्या प्रश्नात. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तरी सह्याद्रीत उन्हाळ्यात आटलेल्या डोहांत ब्लीचिंग पावडर टाकणारे भेटतात. तिथे स्वतः भांडायला जाऊ नका. फोटो काढा, जागा नोंदवा, पोलीस पाटलांना कळवा.

७. पवई तलावावर अजून मासेमारी चालते? तिथे मगरी आहेत ना?

आहेत, आणि त्या आपल्या आधीपासून त्या पाण्याच्या हक्कदार आहेत असं समजून वागायचं. पाण्यात उतरायचं नाही, काठावर मासे साफ करायचे नाहीत, संध्याकाळी पाण्याला लागून बसायचं नाही. पवईवर अनेक दशकं महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं काम चालत आलंय. जायचं असेल तर आधी त्यांच्याकडे चौकशी करा.

तलाव बांधला १८९१ मध्ये, पिण्याच्या पाण्यासाठी. पण ते पाणी लवकरच पिण्यालायक राहिलं नाही. आज दरवर्षी जलपर्णी वाढते, दरवर्षी ती काढायचा खर्च होतो, पुढच्या वर्षी ती परत हजर. आमचे सदस्य सफाईला जायचे, अजूनही जातात, पण माझा त्यातला उत्साह ओसरलाय. जलपर्णीला खत कोण घालतंय? तलावात येणारं मैलापाणी. ते थांबवल्याशिवाय पर्णी उपसणं म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं. एका कार्यालयात हे सांगायला आम्ही पाण्याचे नमुने घेऊन गेलो होतो. साहेबांनी बाटल्यांकडे बघून विचारलं, "हे पाणी इथे का आणलंत?" तेवढीच चर्चा झाली. आम्ही महिन्यातून एकदा चार ठरलेल्या ठिकाणी पाण्याचं तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजत राहतो. कधीतरी कुणीतरी आकडे मागेल.

इथला मासा खाऊ का, असंही विचारतात. मी खात नाही.

८. सोडूनच द्यायचा असेल तर पकडता कशाला?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा विचारला होता, आणि त्यांना पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. खरं उत्तर स्वार्थी आहे : मजा येते. दोरी ताठ होते तो क्षण दुसऱ्या कशात नाही. याला आधीच 'संवर्धन' म्हणायला लागलो तर ती लबाडी होईल. मासा पकडून सोडल्याने मासे वाढत नाहीत. फार तर आपण कमी नुकसान करतो.

संवर्धनात भर पडते ती पुढच्या टप्प्यावर. नदीवर वर्षानुवर्षं जाणारा माणूस तिथे काय बिघडलं ते आधी ओळखतो. वाळू उपसली, वरच्या गावातला कारखाना रात्री पाणी सोडतो, कालपर्यंत भरलेला डोह यंदा मार्चमध्येच आटला. ज्याला त्या पाण्यात मासा हवाय तो बोंब मारतो. क्लबचं काम म्हणजे ती बोंब कागदावर आणणं. चौदावा प्रश्न वाचा.

९. सोडलेला मासा जगतो का? त्याला दुखत नाही?

माशांच्या तोंडात इजा जाणवणारे मज्जातंतू असतात, एवढं नक्की. त्याला आपल्यासारखं 'दुखतं' का यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. आम्ही ताण येतो असं धरूनच वागतो.

जगण्याचं बरंचसं आपल्या हातात असतं. गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ चटकन सुटतो. हलका रॉड घेऊन अर्धा तास झुंजवण्यात शौर्य नाही, दमून आम्ल साठलेला मासा नंतर कुठेतरी मरतो आणि आपल्याला ते दिसत नाही. हात ओले करून धरायचा. कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि तीच त्याची कातडी राखणारी ढाल असते. कल्ल्यांत बोट नाही. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही, मोठ्या माशाचा मणका त्यासाठी बनलेला नाही. फोटो हवा तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मासा पाण्यातच राहू द्या, दहा सेकंदांपुरता वर घ्या. नवीन मुलांना आम्ही सांगतो, मासा वर घेतलास की तूही श्वास रोख. तुला हवा लागली म्हणजे त्याला पाणी लागलंय. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून पोटाखाली हात धरायचा, तो स्वतः निसटेपर्यंत.

कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये छोट्या तलावांवर आम्ही जातच नाही. मासा सोडून दिला म्हणून पाप फिटत नाही.

१०. आम्ही कोळी पोटासाठी मासे मारतो, तुम्ही मजेसाठी पकडून सोडता. मग संवर्धन आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण?

हा प्रश्न वर्सोव्याच्या एका दादांनी सगळ्यांसमोर विचारला आणि मैदानावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

शिकवायचा हक्क आम्हाला नाही. नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटायची नाही, ही रीत कुठल्याही अध्यादेशाच्या आधीची आहे. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, ती त्याच शहाणपणाची सरकारी आवृत्ती. किनाऱ्यावरच्या छोट्या होडीचं आणि डोलीचं (एका जागी लावून ठेवायच्या जाळ्याचं) नुकसान कुणी केलं हे दादांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. बारीक आसाची जाळी, एलईडी दिवे, भराव आणि तिवरं तोडून उभे राहिलेले प्रकल्प, यांपुढे आमच्या दहा-वीस रॉडची गणतीच नाही, ना फायद्यात ना तोट्यात.

मग नातं काय? त्या बोलण्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. कोळीवाड्याजवळच्या पाण्यात जाण्याआधी आम्ही तिथे विचारतो आणि त्यांची डोल लागलेली असेल तिथे फिरकत नाही. दुसरं, खाडीचं शिक्षण आता कोळीवाड्यातलेच दोघं देतात आणि त्याचं मानधन घेतात. तिवरांच्या मुळांत कोणत्या महिन्यात कशाची पिल्लं असतात हे त्यांना पाठ आहे. आमच्यातला एक प्राध्यापक ते वहीत लिहून घेतो आणि शास्त्रीय नावं शोधत बसतो. दादा अजून आम्हाला 'दोरीवाले' म्हणतात. ते आम्ही स्वीकारलंय.

११. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला क्लब सहल काढतो का?

नाही, आणि याबाबतीत आम्ही हट्टी आहोत. वलगणीचे, म्हणजे हेच चढणीचे मासे ही कोकणातल्या प्रत्येक घराची आठवण आहे, माझीही. कंदील, पाग (फेकायचं जाळं), कमरेएवढं पाणी, आजी चुलीपाशी वाट बघतेय. पण तेव्हा ओढ्यात चढणारा मासा अंडी घालायला चाललेला असतो. आजोबांच्या काळी चार घरं एका रात्री धरायची. आता बॅटऱ्या, गाड्या आणि रील बनवणारे. एकाच व्हाळावर शंभर माणसं. त्यात ओढ्यांवर बंधारे झालेले, म्हणजे चढायला वाट एकच आणि तिच्या तोंडाशी जाळं.

महाशीरही पावसाळ्यातच अंडी घालतो. म्हणून पाऊस सुरू झाला की नदी-ओढ्यांवर आमचे रॉड बंद, थेट सप्टेंबर संपेपर्यंत. हा सरकारचा नियम नाही, आमचा आहे. त्या महिन्यांत फ्लाय बांधायच्या, मैदानात चिखल तुडवायचा, आणि चढणीचे मासे बघायला जायचं. बघायला. अंधारात ओढ्याच्या काठी गुपचूप बसलात तर पाण्याचा आवाज बदललेला कळतो.

१२. देवळाच्या डोहात केवढाले महाशीर आहेत! तिथे एकदा तरी टाकू द्या की.

नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वर, इंद्रायणीवर आळंदी-देहू. देवाचे मासे म्हणून इथे कुणी हात लावला नाही, म्हणून ते उरले. नदीच्या बाकी पात्रात जे संपलं ते या कोंडांत राहिलं. राखलेलं पाणी म्हणजे काय हे आपल्या लोकांना अभयारण्याचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. आम्ही तिथे मुलांना घेऊन जातो, मुरमुरे टाकतो, आणि रॉड गाडीतही नेत नाही. गाडीत असला की मन होतं.

१३. आमची कंपनी पैसे द्यायला तयार आहे. नदीत महाशीरची पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम घ्याल का?

महिन्यातून एकदा तरी हा फोन येतो. फोटो चांगले येतात, पाहुणे येतात, मत्स्यबीजाच्या पिशव्या तयार असतात. आम्ही नाही म्हणतो, आणि कारण जरा लांबून सांगावं लागतं.

लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणावर १९७०च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास होते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे या माशाची अंडी हाताने काढून उबवण्याचं तंत्र बसवलं. धरणांमुळे महाशीरच्या चढण्याच्या वाटा तुटल्या होत्या, त्यामुळे काम मोलाचं होतं आणि आहे. तिथली पिल्लं देशभर गेली. काही गेली कावेरीत. तिथल्या अँगलर (हौसेने गळ टाकणाऱ्या) मंडळींनी आणि मत्स्यखात्याने ती चांगल्या हेतूने सोडली, मासे वाढावेत म्हणून.

वाढलेही. पण कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, कुबडाचा, नारिंगी छटेचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा मासा अजून अँगलर लोकांच्या तोंडी आहे. आपल्याकडून गेलेला निळ्या परांचा महाशीर तिथे मातला आणि कुबड्या मासा दिसेनासा होत गेला. त्याचं नेमकं शास्त्रीय नाव ठरलं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. नाव मिळालं तेव्हा जवळजवळ संपत आला होता.

त्यामुळे कुणी पिशवी घेऊन आलं की आम्ही विचारतो : या नदीत आधी कोणता मासा आहे, पिल्लं कुठल्या नदीच्या आईबापांची आहेत, आणि आधीचे मासे कमी का झाले? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा वाळूउपसा, बंधारा किंवा सांडपाणी असतं. कंपनीला खरंच खर्च करायचा असेल तर त्या बंधाऱ्याला माशांसाठी चढण करायला पैसे द्या. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, हे खरं.

जीवदया म्हणून बाजारातून जिवंत मासे आणून तलावात सोडणाऱ्यांनाही हेच उत्तर. कोणते मासे आणले आहेत ते पंधराव्या प्रश्नाशी ताडून बघा.

१४. प्रत्येक सदस्याला नोंदवही भरायची सक्ती का? सुट्टीच्या दिवशी कसला कारकुनीपणा!

कारण कावेरीची गोष्ट कळली ती अशाच वह्यांमुळे. गालिबोरे इथल्या कॅम्पवर १९९८ ते २०१२ दरम्यान अँगलर लोकांनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी होत्या. कोणत्या प्रकारचा, केवढा, किती तासांत. पुढे संशोधकांनी त्या जुळवल्या तेव्हा दिसलं की माशांची संख्या वाढतेय, पण कुबड्याची जागा निळ्या परांचा घेतोय. नुसता आकडा बघणारा "वा, मासे वाढले" म्हणून घरी गेला असता.

आमच्या वहीत रकाने सातच आहेत : तारीख, वेळ, पाणी, तापमान, किती तास टाकलं, काय लागलं, लांबी. काहीच लागलं नाही तरी लिहायचं. रिकामे दिवस लिहिले नाहीत तर बाकीच्या नोंदींना अर्थ राहत नाही. आमच्या एका सदस्याच्या वहीत सलग अकरा भोपळे आहेत आणि तीच वही सगळ्यात प्रामाणिक आहे. महाशीरच्या फोटोत मात्र जागा ओळखू येईल असं काही नको. समाजमाध्यमावर डोहाचं नाव टाकलं की आठवड्याने तिथे जाळं लागतं.

१५. चिलापी किंवा मांगूर लागला तरी सोडायचा?

इथे आमचा नियम उलटा आहे. आफ्रिकन मांगूर बाहेरून आलेला, जे हलतं ते खाणारा, आणि त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. तो परत पाण्यात टाकायचा नाही, जिवंत दुसऱ्या पाण्यातही न्यायचा नाही. जागीच चटकन मारायचा. चिलापीही बाहेरचीच, पण बऱ्याच तलावांत संस्था तीच पकडून विकतात, तेव्हा ती त्यांची. विचारून घ्या, खायची असेल तर घरी न्या. मत्स्यालयातून कंटाळून सोडलेले, तलावाच्या भिंतींना चिकटणारे खवल्यांचे मासे सापडले तर तेही परत नाहीत. देशी मरळ मात्र ओळखायला शिका. घाईत लांबट काळा मासा दिसला की लोक तिलाच मांगूर समजतात. मरळीला अंगभर खवले असतात, मांगुराला खवले नसतात आणि तोंडाभोवती मिशा असतात.

१६. एक जिताडा तरी घरी नेऊ द्या. रायगडात तर भेट म्हणून देतात.

देतात, आणि त्या आमटीची सर कशाला नाही हे मीही मान्य करतो. क्लबच्या सहलीत मध्यम आकाराचा एखादा नेला तर कुणी अडवत नाही. मोठा मात्र सोडायचा. कारण जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. मीटरभर लांबीचे जवळपास सगळे मादीच. म्हणजे फोटोसाठी सगळ्यात भारी मासा नेमका तोच, जो खाडीत राहायला हवा.

अगदी लहानही नको. २०२३ मध्ये राज्याने समुद्रातल्या ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. तक्ता आमच्या मोजपट्टीच्या पाठीवर चिकटवलेला असतो.

१७. फ्लायसाठी पिसं कुठून आणता?

चिकनवाल्याकडून. फुकट देतो, वर हसतो. बोकडाचे केस, भुलेश्वरची जर, जुन्या साडीचा काठ, टिकल्या. जुन्या इंग्रजी फ्लायमध्ये आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं मानाने वापरत, त्यावर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असतात. कुणी 'जुनं घरातलं आहे' म्हणून विकायला आला तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तसाच ठिपका कापता येतो आणि माशाने आजवर तक्रार केलेली नाही.

१८. गळ खोल गेला, किंवा चुकून पक्षी, कासव अडकलं तर?

खोल गेलेला गळ उपटायचा नाही. दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा. ओढण्यापेक्षा त्याने मासा वाचायची शक्यता जास्त. पक्षी अडकला तर दोरी तोडून मोकळं होऊ नका, कारण लोंबती दोरी घेऊन तो तिवरात जाऊन लटकतो. हळू ओढून घ्या, डोक्यावर रुमाल टाका, म्हणजे शांत होतो, मग काटा काढा. कासव असेल तर स्वतः शहाणपणा न करता वनविभागाला फोन. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून घरी आणायची, दुसऱ्याची सापडली तर तीही. मैदानाच्या कोपऱ्यात आमची एक बरणी आहे, त्यात ती जमा होते. सध्याची बरणी चौथी आहे.

१९. माझा मुलगा दोन वर्षं दर रविवारी तुमच्याकडे येतो. अजून एक मासा घरी आला नाही. हे बरोबर चाललंय का?

काकू, चाललंय. त्याची दोरी आता सरळ पडते, आणि मागच्या महिन्यात त्याला खाडीत टोळ लागला होता. त्याने तुम्हाला सांगितलं नसेल, कारण चप्पल चिखलात गेली तीही त्याच दिवशी. मासा हवा असेल तर रविवारी परत येताना सिटीलाइटच्या बाजारातून आणायला सांगतो त्याला. कोणता ताजा ते आता त्याला कल्ले बघून कळतं. हिशेब मात्र मागून घ्या.